दूध तेच, विरजण वेगळे

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यात एखादे गाव आणि त्याच गावाच्या शिवारात वसलेला बंजाऱ्यांचा तांडा यांच्यामध्ये पुष्कळदा चालत जाण्याइतकेच अंतर असते. दोहोंकडची जमीन काळी, दोहोंकडे पाऊस मृगाचा नि आर्द्रेचा, पिके सोयाबीन, कापूस, तूर, हळद यांपैकीच, आणि दोहोंकडच्या तव्यावर पिढ्यान्‌पिढ्या पडत आले ते ज्वारीचेच पीठ. तरीही त्या पदार्थाला गावात भाकरी म्हणतात आणि तांड्यात बाटी. गावातली आई तांड्यात याडी होते. पवार, चव्हाण, जाधव ही आडनावे दोन्हीकडे आढळतात, पण गावातल्या पवारांची तांड्यातल्या पवारांशी सोयरीक जुळत नाही. याच्या अगदी उलट गोष्टही याच जिल्ह्यात आहे. हिंगोलीजवळच्या नरसी या गावी, परंपरेनुसार १२७० मध्ये, जन्मलेल्या नामदेवांची पदे हजाराहून अधिक किलोमीटरवरच्या पंजाबात गुरुद्वारांतून आजही गायिली जातात आणि तेथील लोक त्यांना ‘भगत नामदेव’ म्हणून आपले मानतात. जवळजवळ राहणारी माणसे शतकानुशतके वेगळी कशी राहतात आणि दूरवरची माणसे एका धाग्यात कशी ओवली जातात, या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी, म्हणजे माणूस कोणाकडून काय शिकतो यात, सापडतात.

मातीचे उत्तर

संस्कृतीतील फरकांचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे निसर्ग. कोकणात भात आणि मासे, देशावर ज्वारी आणि डाळ, म्हणून कोकण्याचे जगणे वेगळे आणि देशावरच्या माणसाचे वेगळे, असे सहज म्हटले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांत नारळाच्या वाड्या होत नाहीत, त्यामुळे नारळाभोवतीचा स्वयंपाकही येथे रुजला नाही. परंतु निसर्ग काय जमणार नाही एवढे सांगतो. जे जमण्यासारखे आहे त्यातून कोण काय उचलेल, हे तो ठरवत नाही. काळ्या मातीनेच संस्कृती घडत असती तर गाव आणि तांडा एव्हाना एकरूप व्हायला हवे होते. जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस (१८५८–१९४२) यांनी हाच मुद्दा आयुष्यभर लावून धरला. प्रत्येक समाजाची घडण त्याच्या स्वतःच्या इतिहासातून होते आणि सर्व समाज एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्यांवर उभे आहेत असे मानणे चुकीचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तांड्यातील ‘बाटी’ हा शब्द या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. राजस्थानात बाटी म्हणजे निखाऱ्यावर किंवा गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला गव्हाच्या कणकेचा गोळा. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी आणि गुजराती भाषांच्या नात्यातली आहे. बंजारे दक्षिणेकडे सरकत आले तेव्हा शब्द त्यांच्यासोबत आला, पण गहू मागे पडून ज्वारी हाती आली, आणि गोळ्याची जागा थापलेल्या चपट्या भाकरीने घेतली. पदार्थ मातीने बदलला आणि नाव वाटेने टिकवले.

विरजणाचा नियम

संस्कृती या शब्दाने येथे मंदिरे, नृत्ये किंवा उत्सव एवढेच अभिप्रेत नाही. माणूस जे जन्मासोबत आणत नाही, तर इतर माणसांना पाहून, ऐकून, त्यांच्या हाताखाली चुकतमाकत शिकतो ते सर्व, म्हणजे भाषा, जेवण, नातेसंबंधांचे नियम, शेतीचे आडाखे, देव आणि लाज वाटण्याची कारणेसुद्धा, त्यात येते. हे शिकणे कसे चालते हे समजण्यासाठी घरातील दह्याचे भांडे पुरेसे आहे. एकाच म्हशीचे दूध दोन घरांत गेले तरी दोन्हीकडचे दही सारखे लागत नाही, कारण दही नुसत्या दुधाचे होत नाही. त्यात कालच्या दह्याचा चमचा पडावा लागतो. आजचे दही उद्याचे विरजण होते, उद्याचे परवाचे, आणि प्रत्येक वेळी उन्हाळ्या-हिवाळ्याने, भांड्याने, हाताने त्यात किंचित फरक पडत जातो. नवजात मूल हे कोणत्याही घरात सारखेच दूध आहे. ते गावात वाढले तर ‘आई’ म्हणते, तांड्यात वाढले तर ‘याडी’.

लुइगी लुका कव्हाली-स्फोर्झा आणि मार्कस फेल्डमन या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये या शिकण्याच्या तीन दिशा वेगळ्या करून दाखवल्या. आईवडिलांकडून मुलांकडे जाणारा वारसा उभा, बरोबरीच्या सोबत्यांकडून मिळणारा आडवा, आणि शिक्षक, गुरू, गावातील जाणती माणसे अशा आईवडिलांव्यतिरिक्त थोरांकडून येणारा तिरपा. उभा वारसा सावकाश बदलतो, म्हणून घरातली बोली, बारशाचे नि मर्तिकाचे विधी टिकून राहतात. आडवा वारसा झपाट्याने पसरतो, म्हणून कपड्यांची तऱ्हा आणि गाण्यांची चाल एका हंगामात पालटते. एखाद्या समाजात यांपैकी कोणती वाट रुंद आणि कोणती अरुंद आहे, यावर तो समाज किती वेगाने आणि कोणत्या बाजूला बदलेल हे बरेचसे अवलंबून असते.

बदल काही वेळा उपयोगामुळे टिकतो, काही वेळा प्रतिष्ठेमुळे, आणि पुष्कळदा निव्वळ योगायोगाने. लहान वस्तीत एखादे गाणे पूर्ण येणारी एकच म्हातारी असेल आणि ती कोणाला न शिकवता गेली, तर ते गाणे वाईट होते म्हणून गेले असे म्हणता येत नाही. उलट, कारण संपले तरी नाव उरते असेही घडते. हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी वस्त्यांची नावे आहेत. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी येथे १८१९ पासून १९०३ पर्यंत होती, तिची ही खूण. रिसाला म्हणजे घोडदळ. घोडे जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी पत्ता सांगताना आजही रिसाल्याचेच नाव येते.

चौकट : काठावरची कवडी
बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखात फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे पाठीवर नाड्यांनी बांधायची चोळी, आणि त्यांवर आरशांचे व कवड्यांचे भरतकाम असते. हिंगोलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि भारतात चलन म्हणून फिरणाऱ्या कवड्या मुख्यतः मालदीव बेटांवरून येत. एकोणिसाव्या शतकापर्यंत देशाच्या अनेक भागांत कवडी हे सर्वांत लहान नाणे होते. ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग त्यातूनच आले. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य देशभर वाहणाऱ्या, मोगलांपासून इंग्रजांपर्यंतच्या फौजांना रसद पुरवणाऱ्या समाजाच्या हातून ही कवडी सतत जात होती. रस्ते आणि रेल्वे आल्यावर ही लदेणी बंद पडली, कवडीचे नाणेपण संपले, आणि काठावर शिवलेली कवडी तेवढी राहिली.

बाजाराचे दार उघडे, सोयरिकीचे बंद

विरजण शेजाऱ्याकडूनही आणता येते. मग गाव आणि तांडा इतकी वर्षे शेजारी राहून एकमेकांत मिसळले का नाहीत? मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतीय समाजाचे जे विवेचन केले ते येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते जाती म्हणजे एकाच मूळ समाजाचे पाडलेले तुकडे नव्हेत. त्यांतील अनेक मुळात स्वतंत्र गट होते, जे आपापसातच लग्ने करत राहिले आणि एकमेकांच्या शेजारी येऊन वसले, तरी एकजीव झाले नाहीत. लग्नाची सीमा ही उभ्या वारशाची सीमा असते. आई ज्या भाषेत अंगाई गाते ती भाषा टिकते, आणि आई त्याच गटातली असेल तर अंगाईही तीच राहते.

आठवडी बाजाराची गोष्ट वेगळी. तेथे शब्द, वस्तू आणि युक्त्या रोख व्यवहारासारख्या इकडून तिकडे जातात. हिंगोली, वसमत, कळमनुरी येथे घरी दखनी बोलणाऱ्या मुसलमान कुटुंबांच्या भाषेत मराठीचा ‘नको’ ‘नक्को’ होऊन बसला आहे, आणि शब्दावर जोर देणारा मराठी ‘च’ दखनीत ‘अबीच’, ‘ऐसाइच’ असा पक्का झाला आहे. उलट दिशेने महसूल, तहसील, फिर्याद, खरीप, रब्बी हे शब्द मराठीत असे मुरले की त्यांच्याविना शेतकऱ्याचे एक वाक्य पुरे होत नाही. मिरची, भुईमूग आणि तंबाखू ही तीन पिके मूळची अमेरिका खंडातील. युरोपीय दर्यावर्दींमार्फत ती सोळाव्या शतकापासून पुढे इकडे पोहोचली. मराठवाड्यातील ठेचा ‘अस्सल गावरान’ म्हणून वाढला जातो तेव्हा त्याचा मुख्य घटक कोठून आला याची आठवण कोणालाही होत नाही, आणि होण्याचे कारणही नाही. जी गोष्ट उचलल्याने ‘आपण कोण’ हा प्रश्न उद्भवत नाही ती लवकर उचलली जाते. जिच्याशी सोयरीक, पंगत किंवा देव जोडलेला आहे ती दारातच अडते.

दारे उघडण्या-मिटण्यात राज्याचाही हात असतो. पैनगंगेच्या अलीकडे हिंगोली आणि पलीकडे वऱ्हाड, दोन्ही मराठी मुलूख. परंतु वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि हिंगोलीचा भाग, तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडणारा, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. तिकडे शाळा-कचेरीत मराठी रुळत असताना इकडे कचेरीची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. घरातल्या उभ्या वारशाने मराठी टिकली आणि शाळेच्या तिरप्या वारशाने उर्दू आली. मराठवाड्यातील त्या पिढीतली पुष्कळ माणसे घरी ओवी ऐकत आणि दरखास्त उर्दूत लिहीत, ती यामुळे.

दोन टोपल्या

दोन समाजांतील चालीरीती सारख्या दिसल्या की त्या एकमेकांकडून घेतल्या असाव्यात असे वाटते; पण तेथे घाई करू नये. श्रावणात तांड्यात तीज असते. अविवाहित मुली लहान टोपल्यांत माती आणि खत घालून गहू पेरतात, गाणी म्हणत त्यांना रोज पाणी घालतात, आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास त्या पिवळसर, तरारलेल्या रोपांचे विसर्जन होते. गावात आश्विनात घट बसतात. पत्रावळीवर किंवा परडीत रानातली काळी माती पसरून तीत गहू, ज्वारी आणि इतर धान्ये पेरली जातात, मधोमध पाण्याचा घट ठेवला जातो, आणि दसऱ्याला ते अंकुर, ज्यांना धन म्हणतात, पुरुष टोपीत किंवा फेट्यात खोवतात. दोन्हीकडे टोपली, माती, धान्य, पाणी आणि काही दिवसांची वाट पाहणे सारखे आहे. पण एकीकडे ते लग्नाआधीच्या मुलींचे व्रत आहे, त्यात सासरी जाण्याची हुरहुर आहे, आणि दुसरीकडे ते घरच्या कुलाचाराचे, देवीचे अंग आहे.

घट म्हणजे रब्बीच्या पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासण्याची युक्ती होय, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते शक्य कोटीतले आहे, कारण रब्बीची पेरणी दसऱ्यानंतरच जोर धरते. मात्र आज जो उपयोग दिसतो तोच त्या चालीचा उगम असे धरून चालणे धोक्याचे आहे. शेतीवर जगणाऱ्या कोणत्याही समाजाला अंकुर हे शुभाचे चिन्ह वाटणे स्वाभाविक आहे, त्यामुळे दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सारखी चाल सुरू होऊ शकते. दोहोंचा उगम एखाद्या फार जुन्या सामाईक प्रथेतही असू शकतो. शेजार आहे म्हणून उसनवारी झालीच असे नाही.

वेगळेपण आणि विषमता

येथवरचे विवेचन वाचून कोणालाही एक रास्त शंका येईल. समाज वेगळे राहिले ते काही केवळ स्वखुशीने नव्हे. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता, आणि ते देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. लदेणी बुडाल्यावर भटक्या समाजांवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारला आणि तो १९५२ पर्यंत पुसला गेला नाही. तांडा गावाबाहेर राहिला त्यामागे परंपरा होती तसा हा संशयही होता. सरकारी सीमांनी तर एकाच समाजाची तीन रूपे केली आहेत: बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत गणले जातात. विविधतेच्या नावाखाली विषमतेचे कौतुक होऊ लागले तर ते कौतुक कोण करत आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे धर्मांतर संस्कृतीच्या अभ्यासात फार महत्त्वाचे ठरते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या दीक्षेनंतर मराठवाड्यातील गावोगाव पूर्वाश्रमीच्या महार कुटुंबांनी घरातील जुने देव काढले, मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारले, आणि त्या जागी वंदना, जयंती, भीमगीते आणि लग्नाचा नवा विधी उभा केला. उभ्या वारशाची साखळी एका पिढीने विचारपूर्वक तोडली आणि आडव्या वाटेने, सभांतून, जलशांतून, वसतिगृहांतून, नवी संस्कृती पसरवली. संस्कृती केवळ मिळत नाही, ती निवडताही येते, याचे इतके ठळक उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. यातून विविधतेचा अर्थही स्पष्ट होतो. एखाद्याने आपली हीनता जपत राहावी अशी अपेक्षा तिच्यात बसत नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ज्याचे त्याने ठरवण्याची मुभा तिच्यात बसते.

वेगळेपणाचा उपयोग

युनेस्कोने २ नोव्हेंबर २००१ रोजी सांस्कृतिक विविधतेचा जाहीरनामा स्वीकारला आणि निसर्गाला जैवविविधता जितकी आवश्यक तितकीच मानवजातीला सांस्कृतिक विविधता आवश्यक आहे, असे त्यात नमूद केले. कापसात तुरीचे तास धरणाऱ्या शेतकऱ्याला यातले निम्मे मर्म न सांगता कळते: एक पीक गेले तर दुसरे हाती राहते. दुष्काळाच्या १९७२ सालात मराठवाड्याच्या ताटात परदेशी लाल मिलो आली, सुकडी आली, आणि ज्यांना रानभाज्या ओळखता येत होत्या त्यांची ती ओळख कामी आली. परंतु ज्ञान साठवलेले असणे पुरत नाही, ते उघडण्याची किल्लीही कोणाकडे तरी असावी लागते. २०२३ मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रे तपासण्याचे काम निघाले तेव्हा प्रशासनाला उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. दोन पिढ्यांपूर्वी ज्या लिप्या कोणताही कारकून वाचत होता, त्यांचे जाणकार आता हुडकावे लागत होते.

दुसऱ्या निम्म्या मर्मासाठी याच जिल्ह्यातील एक प्रकल्प पाहावा. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभारली जाणार असून तिच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या प्रचंड घटनांमुळे अवकाशातच उठणारे अतिसूक्ष्म तरंग. अमेरिकेत अशी दोन यंत्रे सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर आहेत, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली तेव्हा ती एका यंत्राला दुसऱ्याच्या सुमारे ७ सहस्रांश सेकंद आधी पोहोचली. आवाज कोणत्या बाजूने आला हे माणसाला दोन कानांतल्या फरकावरून कळते, तसेच हे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतील तिसरे यंत्र सामील झाल्यावर एका लहरीच्या उगमाची शोधकक्षा आकाशाच्या १,१६० चौरस अंशांवरून ६० चौरस अंशांवर आली. आणखी एक यंत्र औंढ्यात हवे आहे ते याचसाठी. हीच सगळी यंत्रे एका माळावर शेजारी शेजारी मांडली असती, तर लहरीची दिशा त्यांना सांगता आली नसती. समाजांचेही तसेच आहे: एका जागेवरून जे कळत नाही ते दोन वेगळ्या जागांवरून कळते.

नरसी ते घुमान

आता उरली सुरुवातीच्या कोड्याची दुसरी बाजू. परंपरा सांगते की नामदेवांनी उत्तर भारतात दीर्घ प्रवास केला आणि पंजाबातील घुमान येथे बराच काळ वास्तव्य केले. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती जुन्या हिंदीच्या वळणाची असली तरी त्यांत मराठीच्या खुणा आहेत. गाव आणि तांडा यांच्यात जे दार बंद राहिले ते येथे उघडे होते. भजन गाणाऱ्याला सोयरीक विचारली जात नाही, आणि गुरूकडून शिष्याकडे जाणारी तिरपी वाट जातीच्या नि प्रांताच्या सीमेवर अडत नाही. घुमानला २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते याच नात्याने.

पंजाब आणि मराठवाडा या दोन घरांत एकाच संताचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. देवळातून उठवलेल्या नामदेवांकडे देऊळच फिरले, ही कथा आदिग्रंथातील त्यांच्या पदात आहे. तेथे ती भक्ताच्या मानाची कथा आहे आणि तिला विशिष्ट गावाचा पत्ता नाही. औंढ्यात मात्र तिला दगडाचा पुरावा जोडलेला आहे: इतर शिवमंदिरांत नंदी देवासमोर असतो, नागनाथाच्या मंदिरात तो मागच्या बाजूला आहे, आणि देऊळ फिरले ते असे, हे भाविकांना बोटाने दाखवले जाते. त्या देवळाचा खालचा कोरीव भाग यादवकाळातील काळ्या दगडाचा आणि वरचा भाग नंतरच्या काळातील विटा-चुन्याचा आहे, म्हणजे इमारतीनेही आपल्यात दोन काळ सांभाळले आहेत. मराठीतील नामदेवांच्या गाथेत पुढे विष्णुदास नामा या मागाहूनच्या कवीची आणि इतरांची रचना मिसळली, आणि मूळ कोणते व मागाहूनचे कोणते हे ठरवताना अभ्यासकांची तारांबळ उडते. पंजाबातील ६१ पदे मात्र १६०४ पासून ग्रंथात बांधली गेल्यामुळे त्यांत नंतर कोणाला भर घालता आली नाही. नरसीच्या विरजणाचा एक चमचा तिकडे वेगळ्या भांड्यात राहिला, आणि आज गाथेचा अभ्यासक पडताळ्यासाठी गुरुमुखी लिपीतल्या त्या पदांकडे वळतो.